कॉर्नफ्लोअरचं कूळ चिकात

नांदेड-लातूरच्या गाड्यांवर मंच्युरियनचा रस्सा दाट करणारं कॉर्नफ्लोअर ही बाहेरून आलेली वस्तू, असा सर्वसाधारण समज आहे. मका मूळचा अमेरिकेतला आणि त्यातून निर्मळ स्टार्च थॉमस किंग्सफर्डने १८४२ मध्ये तिथेच काढला, इथपर्यंत तो बरोबरही आहे. पण वस्तू नवी म्हणून रीतही नवी, हे मला पटत नाही. खुद्द किंग्सफर्ड गव्हाचा स्टार्च काढणाऱ्या कारखान्यात कामाला होता, आणि गव्हाची ती रीत मराठवाड्यातल्या बायका दर उन्हाळ्यात कुरडयांसाठी करतात. गहू तीन दिवस भिजतो, पाणी रोज बदलतात. मग वाटून, पिळून चोथा काढला की चीक रात्रभर निवळत ठेवायचा. सकाळी वरचं पिवळसर, आंबूस पाणी अलगद ओतून दिलं की तळाशी घट्ट पांढरा साका उरतो. तोच आधणात घालून, गुठळी होऊ न देता हाटायचा आणि सोऱ्यातून पाडायचा.

यावर कुणी म्हणेल, कारखान्यात रसायनं असतात, घरी नसतात. मग रीत एक कशी? कारखान्यात मका सुमारे ५० अंश तापमानाच्या पाण्यात ३० ते ५० तास भिजतो आणि त्या पाण्यात थोडा सल्फर डायऑक्साइड असतो, हे खरं. पण त्याचं काम स्टार्चच्या कणांना धरून ठेवणारी प्रथिनं सैल करण्याचं. घरच्या पातेल्यात आंबवणारे जिवाणू आम्ल तयार करून दाणा मऊ करतात, आणि तसेच जिवाणू कारखान्याच्या टाकीतही असतात. रात्रभर निवळण्याचं काम तिथे गरगर फिरणारी यंत्रं मिनिटांत उरकतात, एवढंच. अमेरिकेने हे आपल्याकडून घेतलं, असा माझा दावा नाही. रोमच्या केटोनेही इसवीसनापूर्वी दुसऱ्या शतकात गव्हाच्या स्टार्चची कृती लिहून ठेवली होती. स्टार्च गार पाण्यात विरघळत नाही आणि पाण्याहून जड असतो, त्यामुळे ज्यांनी धान्य भिजवलं त्यांना तो कुठेही सापडू शकत होता.

कारखान्याचं खरं नवेपण पुढे आहे. धान्य भिजवलेलं जे पाणी आपण ओतून देतो, ते तिथे आटवून ठेवतात. १९४० च्या दशकात पेनिसिलिनची बुरशी वाढवायला तेच कामी आलं. मक्याच्या अंकुराचं तेल निघतं, कोंडा आणि प्रथिनं जनावरांच्या खाद्यात जातात. धुळे जिल्ह्यातल्या दोंडाईच्यातही मक्यापासून स्टार्च काढण्याचा कारखाना आहे. हा स्टार्च औषधाच्या गोळ्या बांधायला, खोक्यांच्या पुठ्ठ्याला डिंक म्हणून, आणि ताण्याच्या सुताला खळ म्हणून लागतो. नांदेडच्या उस्मानशाही मिलसारख्या कापडगिरणीत खळ न दिलेलं सूत मागावर घासून तुटत राहिलं असतं.