चार राजांचा पट आणि पट्टणकुडीचे रण

बुद्धिबळ म्हटले की दोन राजे, दोन सैन्ये आणि त्यांच्यातील अटीतटीचा सामना एवढेच आपल्या डोळ्यांसमोर येते. परंतु आपल्या देशात एके काळी चौघांनी खेळावयाचे बुद्धिबळही होते. इसवी सन १०३०च्या सुमारास अल् बिरुनीने हिंदुस्थानविषयक आपल्या ग्रंथात त्याचे वर्णन केले आहे. सोळाव्या शतकातील बंगाली धर्मशास्त्रकार रघुनंदन याच्या 'तिथितत्त्व' ग्रंथात तर व्यास युधिष्ठिराला हा खेळ समजावून सांगतात, अशी मांडणी आहे. ज्याने द्यूतात राज्य घालविले त्यालाच पुन्हा फाशांचा खेळ शिकवावयाचा, ही योजना मोठी मार्मिक म्हटली पाहिजे.

आपल्या भागाच्या दृष्टीने महत्त्वाचा दाखला आहे तो 'मानसोल्लासा'चा. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने शके १०५१ म्हणजे इसवी सन ११२९मध्ये हा ग्रंथ सिद्ध केला. ते कल्याण म्हणजे आजचे बीदर जिल्ह्यातील बसवकल्याण. आणि सौंदत्तीचे रट्ट, ज्यांच्या अमलाखाली पुढे बेळगाव आले, ते या चालुक्यांचेच मांडलिक. मराठीच्या अभ्यासकांना हा ग्रंथ परिचित आहे तो त्यातील संगीतविषयक प्रकरणात आलेल्या जुन्या मराठी पंक्तींमुळे. त्याच ग्रंथाच्या क्रीडाविंशतीत चतुरंगाचे वर्णन असून दोघांचा आणि चौघांचा असे दोन्ही प्रकार तेथे आले आहेत. कानडी दरबारात, संस्कृत ग्रंथात, मराठी पंक्तींच्या शेजारी हा पट मांडलेला आहे, हे आपण सीमाभागातील लोकांनी तरी विसरू नये.

या खेळाची रीत अशी. पट नेहमीचाच, चौसष्ट घरांचा. चारही बाजूंना तांबडे, हिरवे, पिवळे आणि काळे असे एकेक सैन्य. प्रत्येकाकडे राजा, हत्ती, घोडा, नौका आणि चार प्यादी. वजीर कोणाकडेच नाही. फाशावर पाच पडले तर राजा किंवा प्यादे हलवावयाचे, चार पडले तर हत्ती, तीनला घोडा आणि दोनला नौका. समोरासमोर बसलेले दोघे एकमेकांचे मित्र. येथपर्यंत हा खेळ सरळ वाटतो. खरी गंमत आहे ती सिंहासनाच्या नियमात. शत्रूच्या राजाच्या मूळ घरात आपला राजा नेऊन बसविला की 'सिंहासन' झाले आणि पणाची रक्कम मिळाली. परंतु मित्राच्या राजाच्या घरात आपला राजा बसला, तर मित्राचे सैन्यही आपल्या हुकमतीखाली येते! म्हणजे मैत्रीचा करार नियमाने बांधलेला असून तो मोडण्याची वाटही नियमानेच मोकळी ठेवलेली आहे. धरलेल्या राजांची अदलाबदल करण्याचीही सोय आहे; त्यासाठी अर्थातच बोलणी करावी लागतात.

गेल्या चातुर्मासात निपाणीच्या एका स्नेह्याच्या ओसरीवर आम्ही चार निवृत्त मंडळींनी हा डाव मांडून पाहिला. पट कापडावर रंगविला, फासे सुताराकडून करून घेतले. पहिले दोन दिवस सर्वजण शास्त्रशुद्ध सभ्यतेने खेळले. तिसऱ्या दिवशी आमच्यातील सर्वांत मितभाषी गृहस्थांनी आपल्या मित्राला त्याच्या राजाला पुढे काढण्याचा सल्ला दिला आणि दोन फेऱ्यांनी त्याच्या रिकाम्या सिंहासनावर स्वतःचा राजा नेऊन बसविला. त्यानंतर लक्ष पटावरून उडून एकमेकांच्या चेहऱ्यांकडे गेले. दोन राजांच्या खेळात चाल पाहावी लागते; या खेळात माणूस पाहावा लागतो.

चौघांचा खेळ आधीचा आणि दोघांचा नंतरचा, मित्र राजाचाच पुढे वजीर झाला, असे डंकन फोर्ब्ज याने १८६०मध्ये प्रतिपादिले होते. कल्पना मोहक आहे, पण मरे याच्या १९१३च्या बृहद्ग्रंथानंतर ती मान्य राहिली नाही. ते असो. मूळच्या पैठणच्या आणि काशीत स्थायिक झालेल्या भट्ट घराण्यातील नीलकंठाने सतराव्या शतकात बुद्धिबळाचे जे वर्णन केले ते दोन राजांच्या खेळाचे आहे. हा नीलकंठ म्हणजे दत्तक आणि वारसाच्या दाव्यांमुळे आपल्या जुन्या घराण्यांना ठाऊक असलेल्या 'व्यवहारमयूखा'चा कर्ता. त्याने बुद्धिबळाला जागा दिली ती 'नीतिमयूखा'त, म्हणजे राजनीतीच्या ग्रंथात. पेशवाईच्या अखेरीस प्रचारातील पटावर असे दोनच राजे उरले होते. अनेक राजांचा डाव मात्र राजकारणात ऐन रंगात आला होता, आणि त्या डावाचा एक शेवट निपाणीजवळ झाला.

सवाई माधवराव १७९५च्या ऑक्टोबरात वारले. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये खर्ड्यावर निजामाला नमविणाऱ्या मराठी फौजांचे सेनापती होते परशुरामभाऊ पटवर्धन, नाना फडणविसांचा भक्कम आधार. परंतु शिंद्यांचे कारभारी बाळोबा तात्या यांच्याशी जुळवून घेत भाऊंनी चिमाजी अप्पाला गादीवर बसविण्याचा बेत पत्करला. नाना वाईस होते. भाऊंचे पुत्र हरिपंत बोलण्यासाठी निघाले ते चार-पाच हजार स्वारांनिशी! भेटीला एवढे स्वार कशाला, हे नानांना कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. ते महाडास निघून गेले.

महाडात बसून नानांनी जे केले त्याला तोड नाही. दौलतराव शिंद्यांना त्यांनी भाऊंची जहागीर, अहमदनगरचा किल्ला आणि दहा लक्षांचा मुलूख देऊ केला. निजामाला खर्ड्यावर गमावलेले परत देण्याचा करार ऑक्टोबर १७९६मध्ये झाला. नागपूरकर भोसले आणि होळकर वळले. ज्या बाजीरावास नानांनीच शिवनेरीवर अटकेत ठेवले होते, त्यालाच पेशवा करण्याचे ठरले. आणि भाऊंना घरच्या काळजीत गुंतविण्यासाठी कोल्हापूरकर छत्रपतींना पटवर्धनांच्या मुलखावर उठविण्यात आले. बाळोबा कैद झाले, भाऊ पकडले गेले, डिसेंबरात बाजीराव गादीवर बसला.

या कारस्थानाचे कौतुक आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. 'साडेतीन शहाण्यां'तील अर्धे शहाणे म्हणून नानांचा उल्लेख होतो, तो ते तलवारबहाद्दर नव्हते म्हणून. मला वाटते, उणीव तलवारीची नव्हती. पटावर जादा राजा बोलावून बसविता येतो. पण आपले काम झाले म्हणून तो उठून जात नाही, एवढाच हिशेब नानांकडून राहिला. शिंदे वायद्यांच्या पूर्ततेसाठी पुण्यात ठाण मांडून बसले आणि १७९७च्या अखेरीस त्यांनी खुद्द नानांनाच कैद केले. कोल्हापूरकरही थांबले नाहीत. त्यांच्या दृष्टीने हा मुलूख मुळात त्यांचाच होता आणि पटवर्धन म्हणजे पुण्याने छातीवर आणून बसविलेले सरदार. तेव्हा आलेली संधी त्यांनी का सोडावी? तासगाव लुटले गेले, भाऊंचा वाडा जळाला.

अखेर ज्या भाऊंना पाडण्यासाठी कोल्हापूरला उठविले, त्याच भाऊंना कोल्हापूर आवरण्यासाठी मोकळे करावे लागले. आधी साताऱ्याचा उठाव, मग कोल्हापूरची मोहीम. १७९९च्या सप्टेंबरात चिकोडी-निपाणी भागातील पट्टणकुडी येथे गाठ पडली आणि भाऊ तेथे पडले. त्यांचा अंत कसा झाला याविषयी पटवर्धनांकडील आणि कोल्हापूरकडील हकिगती जुळत नाहीत. या पत्रिकेच्या वाचकांत दोन्हीकडची घराणी आहेत. पाटावर बसून एकाच पंगतीत जेवताना हा विषय निघाला की आजही आवाज थोडा चढतो, हे मी पाहिले आहे. निपाणीच्या ओसरीवरील आमच्या चौकडीतही एक घर पटवर्धनी आणि एक कोल्हापुरी होते. सिंहासन कोणी बळकावले, ते मी मुद्दामच सांगत नाही.

१९५९मध्ये अमेरिकेत ॲलन कॅलहॅमर याने 'डिप्लोमसी' नावाचा पटखेळ प्रसिद्ध केला. पहिल्या महायुद्धापूर्वीच्या युरोपातील सात सत्ता, फासा नाही, चाली आगाऊ लिहून एकदमच उघड करावयाच्या. चालींपूर्वी खेळाडूंनी एकमेकांना हवी ती वचने द्यावीत, पण ती पाळण्याचे बंधन कोणावरही नाही. त्याचे नियम वाचताना मला महाड आठवले. फरक एवढाच की त्या पटावर प्रांत हातोहात फिरले तरी तेथे कोणी राहत नाही. चिकोडी आणि मनोळी हे तालुके मात्र वसलेले होते. १८१२च्या तहात इंग्रजांनी कोल्हापूरला त्यांवरील हक्क सोडावयास लावले, पेशवाई बुडताना साह्य केल्याबद्दल तेच तालुके कोल्हापूरला दिले, आणि १८२७मध्ये परत काढून घेतले. जुन्या इनामांचे कागद चाळताना एकाच जमिनीला निरनिराळ्या दरबारांच्या सनदा का असतात, याचे उत्तर पुष्कळदा येथे सापडते.

भाऊंचे पुत्र रामचंद्रपंत अप्पा यांनी पुण्याची फौज आणि शिंद्यांच्या पलटणी घेऊन कोल्हापूरला वेढा दिला. शहर जेरीस आले होते. १३ मार्च १८०० रोजी पुण्यात नाना वारले, शिंद्यांची मर्जी पटवर्धनांवरून फिरली आणि वेढा उठला.