दुष्काळी काम आणि कामाचा हक्क

उपाशी मनुष्यास अन्न द्यावे, ह्याविषयी जगात फारसा मतभेद कधी नव्हता. मतभेद आहे तो ते कोणत्या नात्याने द्यावे ह्याविषयी. धर्म म्हणून द्यावे, राज्य राखण्याचा उपाय म्हणून द्यावे, की ज्याचे त्यास देणे लागतो म्हणून द्यावे? देणारा स्वतःस काय समजतो, त्यावर घेणाऱ्याची मान ताठ राहणार की खाली जाणार हे ठरते. महाराष्ट्रात ह्या प्रश्नाचा निकाल पुस्तकांतून लागलेला नाही; तो खडीच्या ढिगांवर आणि पाझर तलावांच्या बांधांवर लागला आहे, आणि पुरता लागला असे आजही म्हणवत नाही.

धाराशिव जिल्ह्यातील वाशीचा मुलूख हा विचार करण्यास योग्य आहे. बालाघाटाच्या पठारावरील हा प्रदेश. जवळच तेरखेड्याच्या परिसरात तेरणा नदी उगम पावते, परंतु उगमाजवळच्या शेतास नदीचा उपयोग तो किती! पाऊस बेभरवशाचा, पीक मुख्यतः कोरडवाहू. पूर्वी ज्वारीच्या जिवावर आणि आता बव्हंशी सोयाबीनच्या जिवावर वर्ष काढावयाचे. पेरणी, खुरपणी आणि सुगी सोडली की रोजंदारी करणाऱ्यास कामच नसते. अशा मनुष्यास आपली भाषा ‘बेकार’ म्हणत नाही, ‘बसून आहे’ असे म्हणते. जणू काय बसणे ही त्याची निवड आहे! १९३० नंतरच्या मंदीत ‘बेकारी’ हा शब्द मराठी नियतकालिकांतून गाजू लागला, तेव्हाही तो मुख्यतः पदवी घेऊन नोकरी शोधणाऱ्या तरुणांविषयी वापरला जाई. मार्गशीर्षापासून ज्येष्ठापर्यंत रिकामे राहणारे लक्षावधी हात त्या शब्दाच्या बाहेरच राहिले.

जुन्या गावगाड्यात कामाची हमी नव्हती असे नाही. सुतार, लोहार, कुंभार ह्यांस रासेवरचा वाटा ठरलेला असे. परंतु रास पडली तर वाटा. ज्या वर्षी खळेच लागले नाही त्या वर्षी बलुत्याचा हक्क कोणाकडे मागावयाचा? अशा वेळी समाजाचा आधार म्हणजे दानशूर पुरुष. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी बेदरच्या बादशहाचे कोठार लुटविले व विठ्ठलाने महाराचे रूप घेऊन त्याची भरपाई केली, ही कथा आपल्या घराघरांत सांगितली जाते. कथा हृद्य आहे. परंतु तीत दात्याचे काय होणार ह्याचीच चिंता आहे. ज्यांनी धान्य नेले त्यांस एकही वाक्य बोलावयास मिळालेले नाही. दयेवर उभ्या असलेल्या व्यवस्थेचे हेच लक्षण होय.

ह्याच गावगाड्याची दुसरी बाजू वतनाची. महार वतनदारास काम कधीच कमी नव्हते. कमी होते ते मोल, आणि मुळीच नव्हता तो नकार देण्याचा अधिकार. म्हणून डॉ. आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई कायदे कौन्सिलात महार वतनासंबंधी विधेयक आणले, आणि फेब्रुवारी १९४१ मध्ये आज धाराशिव जिल्ह्यात असलेल्या कसबे तडवळे येथे महार-मांग वतनदारांच्या परिषदेस ते स्वतः आले. वाशीच्या पंचक्रोशीस जवळच असलेल्या ह्या परिषदेचे तात्पर्य विसरून चालणार नाही. काम मिळणे एवढ्यानेच मनुष्य प्रतिष्ठित होत नाही. जे काम सोडता येत नाही, ती मजुरी नसून वेठ आहे.

आता राज्यकर्त्यांकडे वळू. १९४८ पर्यंत वाशी निजामाच्या मुलखात आणि जवळचे बार्शी इंग्रजी अमलात होते. १८७६-७८ च्या दुष्काळाने ही सरहद्द पाळली नाही. परंतु दुष्काळी कामांविषयीचा मोठा वाद झाला तो इंग्रजी बाजूस, आणि पुढची सर्व धोरणे त्यातून निघाली. व्हाइसरॉय लिटन ह्यांनी १८७७ च्या जानेवारीत सर रिचर्ड टेंपल ह्यांस खर्च आटोक्यात ठेवण्यासाठी दौऱ्यावर धाडले. दिवसभर खणणाऱ्या पुरुषास एक पौंड, म्हणजे अदमासे अर्धा शेर, धान्य व वर एक आणा एवढे पुरे, असा टेंपलसाहेबांचा हिशेब. मद्रासेचे आरोग्य कमिशनर डॉ. कॉर्निश ह्यांनी एवढ्यावर कष्टकऱ्याचे शरीर टिकणार नाही असे बजावले. मुंबई इलाख्यात तर मजुरी उतरवून लोकांस दूरच्या मोठ्या कामांवर जाण्याचा हुकूम होताच हजारो मजूर काम टाकून निघून गेले. पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू सरकारापुढे मांडली.

हा प्रसंग नीट ध्यानात घेण्याजोगा आहे. पोट भरलेल्या मनुष्याने संप करणे निराळे आणि उपाशी मनुष्याने अन्नाकडे पाठ फिरविणे निराळे. सरकारास वाटत होते की, लोक आळशी आहेत, म्हणून काम जड, ठिकाण दूर आणि मजुरी तुटपुंजी ठेवली म्हणजे खरा गरजू तेवढाच येईल. हे तत्त्व इंग्लंडातून आलेले. तेथील १८३४ च्या सुधारलेल्या गरिबांच्या कायद्याने, मदत घेणाऱ्याची स्थिती सर्वांत हलक्या मजुराहूनही हलकी असावी, असा दंडक घातला होता. परंतु दुष्काळातील कुणब्यास आळसाची परीक्षा लावणे म्हणजे बुडत्यास पोहता येते की नाही हे विचारीत बसणे होय.

लाखो माणसे मेल्यावर रिचर्ड स्ट्रेची ह्यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने १८८० साली अहवाल दिला. दुष्काळात मदत करणे हे सरकारचे कर्तव्य आहे, धडधाकटास काम आणि अपंग-वृद्धांस फुकट अन्न द्यावे, हे त्याने मान्य केले, आणि त्यावरून दुष्काळ संहिता निघाल्या. कर्तव्य मान्य झाले. हक्क मात्र नाही. ही दोन एकच आहेत असे वाटते खरे, पण १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांतील अंतर दिसून आले. ‘केसरी’तून टिळकांनी संहितेत काय लिहिले आहे ते रयतेस सांगावयास सुरुवात केली व सार्वजनिक सभेची माणसे खेडोपाडी गेली. तेव्हा सरकारने संहिता मोडली नाही, १८९७ साली सभेची मान्यता काढून घेतली! मदत द्यावयास राज्यकर्ते राजी होते; तिची कलमे घेणाऱ्याच्या तोंडून ऐकावयास राजी नव्हते.

स्वातंत्र्यानंतर घटनेच्या ४१ व्या कलमाने कामाचा हक्क व बेकारीत साहाय्य ही दोन्ही मार्गदर्शक तत्त्वांत घातली, म्हणजे न्यायालयात मागता येणार नाहीत अशा ठिकाणी ठेवली. ती तेथून खाली उतरली १९७२ च्या दुष्काळाने. त्या दुष्काळाची आठवण मराठवाड्यात अजून तारखेसारखी वापरली जाते. अमक्याचा जन्म ‘बहात्तरच्या आधीचा’ असे वृद्ध लोक सांगतात. अमेरिकेहून आलेला तांबडा मिलो, पोरांना मिळणारी सुकडी, खडी फोडून सोललेले हात, आणि कालपर्यंत दुसऱ्यास कामावर लावणारा शेतकरी आज त्याच्याच शेजारी घमेले उचलतो आहे, हे दृश्य. मे १९७३ मध्ये राज्यभर सुमारे ५० लाख माणसे दुष्काळी कामांवर होती. इतक्या जणांस एकदम आळशी ठरविणे कोणत्याही सरकारास शक्य नव्हते. एरवी ‘त्यांचे’ असलेले दुःख त्या वर्षी ‘आपले’ झाले, आणि दृष्टी पालटली ती तेथे.

सुदैवाने कल्पना आधीच तयार होती. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे ह्यांनी १९६५ पासून कामाच्या हमीचा विचार मांडला होता आणि सांगली जिल्ह्यातील तासगाव भागात, विसापूर येथे, त्याचा प्रयोग झाला होता. पुण्याच्या गोखले संस्थेतील वि. म. दांडेकर व नीलकंठ रथ ह्यांनीही १९७१ साली दारिद्र्यावर सार्वजनिक कामांच्या हमीचाच उपाय सुचविला होता. १९७२ मध्ये योजना निघाली, १९७७ साली कायदा संमत झाला, आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. खेड्यातील कोणाही प्रौढाने अंगमेहनतीचे काम मागावे, १५ दिवसांत ते द्यावे, न दिल्यास दररोज निदान एक रुपया बेकारभत्ता द्यावा, कामावर सावली, पाणी व मुलांच्या सांभाळाची सोय असावी. असा हा कायदा. दुष्काळ जाहीर होण्याची वाट पाहण्याचे कारण उरले नाही. पूर्वी कलेक्टर ठरवी की लोक उपाशी आहेत. आता मजूर सांगू लागला की मला काम हवे.

ह्या योजनेचा पैसा कोठून आला, हे आपल्यासारख्या वाचकांस मुद्दाम सांगितले पाहिजे. १९७५ साली व्यवसाय कर बसविला तो ह्याच कारणासाठी, आणि जेवढा कर जमेल तेवढी भर राज्याने घालावयाची असे ठरले. पगारपत्रकात दरमहा कापली जाणारी ती लहानशी रक्कम म्हणजे शहरातील नोकरदाराने वाशीच्या माळावरील मजुराशी केलेला करार होय. करार केल्याचे बहुतेकांस ठाऊक नाही, ही गोष्ट वेगळी.

ठाऊक नसल्यामुळेच तक्रार सोपी होते. सरकारी कामांमुळे मजूर मिळेनासे झाले, लोक आळसावले, हे उद्गार आपण सर्वांनी ऐकलेले आहेत. हजेरीपटांवर खोटी नावे चढली, कामे अर्धवट पडली, बेकारभत्ता क्वचितच कोणास मिळाला व मजुरी रखडली, हे दोष खरे आहेत आणि ते झाकू नयेत. परंतु आळसाचा आरोप हजेरीनेच खोडला आहे. रोजगार हमीवरील गर्दी उन्हाळ्यात चढे आणि पाऊस पडताच उतरे. वैशाखाच्या उन्हात माती वाहावयास येणारा व मृग निघताच शेतावर परतणारा मनुष्य आळशी असेल, तर उद्योगी कोणास म्हणावे?

कामाच्या हमीचा खरा उपयोग काय, हे वाशीच्या बाजूस दसऱ्यानंतर दिसते. ह्या डोंगरपट्ट्यातून माणसे ऊसतोडीस पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात. मुकादमाकडून घेतलेली उचल अंगावर असते. ती फिटेपर्यंत कोयता खाली ठेवता येत नाही, आणि अनेकांची मुले शाळा सोडून फडावर येतात. कागदोपत्री हा मनुष्य बेकार नाही. तो कामावर आहे. परंतु उचलीने बांधलेले काम आणि वतनाने बांधलेले काम ह्यांत अंतर किती आहे, ह्याचा ज्याने त्याने विचार करावा. गावातच वेळेवर मोल देणारे काम असेल, तर त्यास मुकादमास ‘नाही’ म्हणता येते. हमीची किंमत बांधलेल्या तलावाइतकीच ह्या ‘नाही’तही मोजली पाहिजे.

महाराष्ट्राचे हे तत्त्व पुढे देशाने घेतले. २००५ च्या केंद्रीय कायद्याने ग्रामीण कुटुंबास वर्षाकाठी १०० दिवसांची हमी दिली. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने त्याच्या जागी नवा कायदा संमत केला. त्यात दिवस १२५ केले, आणि पेरणी-कापणीच्या ऐन हंगामात वर्षातून ६० दिवसांपर्यंत ही कामे थांबविण्याची तरतूद घातली. दिवस वाढले हे चांगले. परंतु शेतकऱ्याच्या अडचणीसाठी मजुराची हमी थांबवावयाची, तर कोणाच्या सोयीने कोणाचा हक्क चालतो, हा जुना प्रश्न पुन्हा उभा राहतो. दुसरीकडे, २०२४ पासून ‘लाडकी बहीण’ योजनेत बायकांस दरमहा १,५०० रुपये थेट मिळू लागले, व ‘फुकट’ हा शब्द पुन्हा शहाण्यांच्या ओठांवर आला. वृद्धास, विधवेस, अपंगास पैसाच दिला पाहिजे. १९८० च्या संजय गांधी निराधार योजनेने ते मानलेच होते, आणि १८८० च्या आयोगानेही ते मानले होते. धडधाकटास मात्र पैशाने कामाची उणीव भरून निघत नाही, आणि पैसा दिला म्हणून काम देण्याच्या वचनातून राज्याची सुटका होत नाही.

दीडशे वर्षांत देणाऱ्याची भाषा पुष्कळ बदलली. मजुराची मागणी मात्र फारशी बदललेली नाही. १८७७ साली ज्याने अर्धा शेर धान्य नाकारले, तो काम नाकारीत नव्हता. अपुरे मोल आणि त्यामागचा संशय नाकारीत होता. संशय अजून पुरता गेलेला नाही. तो कायद्याच्या कलमांनी जाणार नाही. ज्यांच्या पगारातून ह्या हमीचा पैसा जातो, त्यांनी आपण दान करीत नसून ठरलेले देणे देत आहो असे मनाशी धरले, तरच तो जाईल.