डोशाची सनद आणि वहिवाट

डोसा मूळचा कोणाचा, हा वाद अद्याप मिटलेला नाही. उडुपीकर त्यास आपला म्हणतात. तमिळ अभिमानी आपल्या प्राचीन वाङ्मयाचा दाखला पुढे करतात. वकिली पेशातील मनुष्यास अशा प्रसंगी प्रथम एवढेच विचारावेसे वाटते, की कागद कोणता आहे आणि त्यातून नेमके काय शाबीत होते?

कागद आहे, आणि तो चांगला भारदस्त आहे. कल्याणीचा चालुक्य नृपती तिसरा सोमेश्वर याने इ. स. ११२९ च्या सुमारास ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. हे कल्याण म्हणजे आजच्या बीदर जिल्ह्यातील बसवकल्याण. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत ते हैदराबाद राज्यात मोडत असे. ग्रंथ छापून निघाला तो मात्र बडोद्यास. गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत श्रीगोंदेकरांनी संपादिलेले त्याचे तीन खंड १९२५, १९३९ व १९६१ साली प्रसिद्ध झाले. महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओव्या गातात, ही मराठीच्या अभ्यासकांस प्रिय असलेली नोंद याच ग्रंथातली. त्याच्याच अन्नभोग प्रकरणात ‘धोसक’ हा शब्द आढळतो.

येथे निकाल लागला असे कोणासही वाटेल. परंतु साक्षीदाराची उलटतपासणी अजून व्हावयाची आहे. सोमेश्वराचा धोसक डाळींचा आहे, त्यात तांदूळ नाही. त्याच प्रकरणातील ‘इडरिका’ही उडदाचीच. म्हणजे नाव सापडले, वस्तू सापडली नाही! हा धोसक आपल्या डाळीच्या धिरड्याचा सख्खा भाऊ म्हणावा.

हा भेद किरकोळ नव्हे. पीठ आंबताना जो वायू सुटतो, तो उडदाच्या चिकटपणामुळे पिठात धरून राहतो. एकट्या तांदळास ते साधत नाही. तांदूळ आणि उडीद ज्या दिवशी एका रगड्यात पडले, तो दिवस कोणी लिहून ठेवलेला नाही. मदुरेजवळील अळगर कोविल येथे भगवंतास डोशाचा नैवेद्य असतो व भक्तांस तोच प्रसाद मिळतो. देवाच्या ताटातील पदार्थ सहसा बदलत नाहीत, म्हणून अशा वहिवाटीस पुरावा म्हणून मी मोठे वजन देतो. तथापि वहिवाटीवर तारीख लिहिलेली नसते.

आता दुसरे टोक पाहावे. उडीद मुळीच न घालता, आंबविल्यावाचून, केवळ तांदळाचा होणारा आपला पानपोळो. कानडी व तुळू शेजारी त्यालाच नीरदोसा म्हणतात. सुरय तांदूळ काही तास भिजवून गंधासारखा वाटावा, मीठ घालून ताकाहूनही पातळ करावा. तवा बिडाचा, चांगला तापलेला. त्यावर नारळाच्या शेंडीने तेलाचा हात फिरवावा. पीठ पळीने पसरावयाचे नसते, कडेकडून आत असे ओतावयाचे असते. तळाशी तांदूळ बसतो, यास्तव प्रत्येक खेपेस ते ढवळून घ्यावे लागते. नवशिक्याचे पोळे फाटतात ते बहुधा याच हयगयीने. झाकण ठेवून एकाच बाजूने शिजवावा, उलटू नये, आणि चौघडी घालून काढावा.

याला ताम्रपट नाही, राजाश्रयही नाही. साक्ष आहे ती शब्दाची. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या धर्मच्छळामुळे देव उचलून गोव्याबाहेर पडलेले सारस्वत कानडा किनाऱ्याने थेट कोचीपर्यंत गेले. शेजारी दोसे आणि दोशा म्हणत असता त्यांच्या घरांत ‘पोळो’ हाच शब्द टिकला. मंगळूरच्या ख्रिस्ती कोंकणी घरांतही तोच. ज्यांची देवळे चार शतकांपूर्वी वेगळी झाली, त्या दोघांची जबानी तव्यापाशी जुळते. आणि परस्परांशी संगनमत नसलेल्या साक्षीदारांवर न्यायालयेही विश्वास ठेवतात. हा शब्द पांगापांगीच्या आधीचा असावा, असे मला वाटते, ते यामुळेच. सोमेश्वराच्या धोसकाशी मात्र त्याचे नाते लावता येत नाही. तिकडे डाळ तेवढी, इकडे तांदूळ तेवढा.