निवडमंडळापुढील स्त्री-उमेदवार

लेखी परीक्षेच्या उत्तरपत्रिकेवर उमेदवाराचे नाव नसते, गाव नसते, आणि ती लिहिणारा हात पुरुषाचा की स्त्रीचा हेही परीक्षकास कळण्याची सोय नसते. तेथे असतो तो केवळ एक क्रमांक. मुलाखतीची गोष्ट निराळी. उमेदवाराने दालनात पाऊल टाकले की त्याचा पोशाख, चाल आणि आवाज ही मंडळापुढे आधी हजर होतात. विद्वत्ता मागाहून येते. इंग्रजी राज्यात सनदी सेवेची परीक्षा १८५५ पासून चढाओढीने होऊ लागली, ती वशिल्याचे प्रस्थ मोडण्यासाठी. पहिल्या महायुद्धानंतर तिला तोंडी मुलाखतीची जोड मिळाली, आणि जे दार कागदाने लावून घेतले होते ते पुन्हा किंचित किलकिले झाले, असे म्हणावयास हरकत नाही. आमच्या विद्यार्थिनी नोकरीच्या मुलाखतीस निघाल्या म्हणजे एक प्रश्न हटकून विचारतात : मंडळावर एखाद्या बाई असल्या तर ते आम्हांस अनुकूल की प्रतिकूल? प्रश्न पोरकट नाही. आपल्याच देशाच्या अलीकडील इतिहासावर तो घासून पाहण्याजोगा आहे.

इंडियन सिव्हिल सर्व्हिसचे दार स्त्रियांस अखेरपर्यंत उघडले नाही. स्वातंत्र्य आले तेव्हा ते उघडले, आणि पहिल्याच संधीस, १९४८ साली, कूर्गमधील विराजपेठची एक चोवीस वर्षांची मुलगी परीक्षेस बसली. चोनिरा बेल्लिअप्पा मुथम्मा हे तिचे नाव. वडील लहानपणीच वारले होते. आईने चारही मुलांस नेटाने शिकविले. मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजातून इंग्रजी वाङ्मय घेऊन मुथम्माबाई एम. ए. झाल्या होत्या. लेखी परीक्षेत त्यांना कोणी अडविले नाही, कारण अडविणाऱ्यास तेथे त्या दिसतच नव्हत्या. अडचण उभी राहिली ती मुलाखतीच्या मेजापाशी. परराष्ट्रसेवेत जाण्यापासून आपणांस परावृत्त करण्याचा यत्न अध्यक्षांनी केला आणि मुलाखतीत आपणांस किमान गुण मिळावेत अशी त्यांनी आपले वजन खर्चून तजवीज केली, असे त्यांनी पुढे सर्वोच्च न्यायालयातील आपल्या अर्जात नमूद केले. इतके होऊनही त्या निवडल्या गेल्या. १९४९ साली त्या परराष्ट्रसेवेत रुजू झाल्या. त्या सेवेतील त्या पहिल्या स्त्री. रुजू होताना मात्र, विवाह केल्यास राजीनामा देईन, असे त्यांच्याकडून लिहून घेण्यात आले. त्यांच्याबरोबर दाखल झालेल्या तरुणांपैकी कोणाकडूनही असा कागद घेण्याचे कोणाच्या स्वप्नातही आले नसेल.

यानंतर दोनच वर्षांनी अण्णा राजम जॉर्ज या मल्याळी तरुणीची पाळी आली. तिला आय. ए. एस. हवे होते. तिच्यापुढे बसलेल्या मंडळाचे अध्यक्ष आर. एन. बॅनर्जी होते, व सभासद जुन्या सनदी सेवेतले मुरलेले अधिकारी होते. त्यांनी तिला सल्ला दिला, की जिल्ह्याचा कारभार तुमच्यासारखीचे काम नव्हे. तुम्ही परराष्ट्रसेवा किंवा केंद्रीय सेवा घ्यावी, त्या स्त्रियांस शोभणाऱ्या आहेत. वाचकांनी येथे क्षणभर थांबावे. १९४८ साली जी परराष्ट्रसेवा स्त्रीस अयोग्य होती, तीच या वेळी स्त्रीस शोभणारी ठरली! यावरून आम्हांस असे दिसते, की मंडळाच्या मनात कोणत्या सेवेविषयी काही निश्चित सिद्धांत होता असे नव्हे. उमेदवार स्त्री जी सेवा मागेल ती सोडून दुसरी तिला योग्य, एवढाच काय तो सिद्धांत.

राजमबाईंनी हट्ट सोडला नाही. १९५१ साली त्यांची नेमणूक झाली. त्यांच्याही नेमणूकपत्रात, विवाह झाल्यास सेवा समाप्त होईल, हे कलम होतेच. मद्रास इलाखा त्यांनी मागून घेतला, तर मुख्यमंत्री राजगोपालाचारी यांस स्त्रियांनी सरकारी अधिकारपदे घ्यावीत हेच मान्य नव्हते. जिल्ह्याऐवजी सचिवालयात त्यांना बसवावे असा त्यांचा विचार होता. आपण घोडा फेकण्यात व बंदूक चालविण्यात पुरुष सहकाऱ्यांइतक्याच तयार झालो आहो, आपणांस संधी द्यावी, असे राजमबाईंनी त्यांस सांगितले, आणि सबकलेक्टरची जागा मिळविली. पुढे राजाजींनीच एका जाहीर सभेत त्यांचे उदाहरण गौरवाने दिले. हा त्या वृद्ध मुत्सद्द्याचा मोठेपणा. मुंबईकरांस राजमबाई निराळ्या नात्याने ठाऊक असाव्यात : न्हावाशेवा येथील बंदराच्या उभारणीची धुरा पुढे त्यांच्यावरच होती, आणि २०१८ साली त्यांचा अंत झाला तोही मुंबईतच.

ही सर्व मंडळी दुष्ट होती काय? आम्हांस तसे वाटत नाही. बॅनर्जींसारखे लोक स्वतः कठोर परीक्षांतून वर आलेले होते. परंतु ज्या सेवेने त्यांना घडविले तीत त्यांनी स्त्री-अधिकारी कधी पाहिलीच नव्हती, आणि जे पाहिले नाही ते संभवत नाही असे मानण्याची खोड विद्वानांसही असते. शिवाय त्यांच्या हाती नियमांचे पुस्तक होते. १९६१ साली, म्हणजे लिंगावरून भेद करू नये असे सांगणारी राज्यघटना अमलात येऊन अकरा वर्षे झाल्यावर, परराष्ट्रसेवेचे जे नियम झाले त्यांत स्त्री-अधिकाऱ्याने विवाहापूर्वी सरकारची लेखी परवानगी घ्यावी, आणि संसारामुळे कामास बाध येतो असे सरकारास वाटल्यास तिने राजीनामा द्यावा, असे होते. विवाहित स्त्रीस नेमणुकीचा हक्कच नाही, असेही दुसरे कलम होते. हे नियमपुस्तक आमच्या मते मंडळाचा एक अदृश्य सभासद होय, आणि मत देताना त्याचाच आवाज सर्वांत मोठा असतो.

मुथम्माबाई १९७० साली हंगेरीत राजदूत झाल्या. परंतु त्यावरील श्रेणीत बढती देताना त्यांना वगळण्यात आले, तेव्हा त्या सरकारवर न्यायालयात गेल्या. निवड करणाऱ्या समितीच्या मनात स्त्रीजातीविषयीच पूर्वग्रह आहे, हा त्यांचा मुख्य आक्षेप होता. खटला चालू असतानाच सरकारने त्यांना बढती दिली. एक कलम १९७३ सालीच रद्द केले होते, दुसरे रद्द करीत आहो, असेही न्यायालयास सांगितले. १७ सप्टेंबर १९७९ रोजी न्यायमूर्ती कृष्ण अय्यर व सिंघल यांनी निकाल दिला. बढती मिळाल्यामुळे अर्ज काढून टाकला गेला खरा. पण संसाराची ओढ पत्नीस असते तशी पतीसही असते, मग बंधन एकट्या स्त्रीवरच का, असे न्यायमूर्तींनी रोखठोक विचारले, आणि सेवेचे सर्व नियम या दृष्टीने पुन्हा तपासण्यास सरकारास सांगितले.

आता मूळ प्रश्न. १९४८ च्या त्या मेजामागे एखादी स्त्री असती, तर निराळे घडते काय? होय म्हणण्याचा मोह होतो. पण अलीकडे स्पेन देशात या गोष्टीची जी तपासणी झाली ती मोठी विचारांत पाडणारी आहे. तेथे न्यायखात्याच्या परीक्षांत कोणता उमेदवार कोणत्या मंडळापुढे जाईल हे चिठ्ठीने ठरत असे. त्यामुळे तुलना करणे सोपे झाले. १९८७ ते २००७ या काळातील दीड लाख उमेदवारांचे निकाल बाग्वेस व एस्तेवे-व्होलार्ट या दोघा अर्थशास्त्रज्ञांनी पाहिले आणि २०१० साली प्रसिद्ध केले. ज्या मंडळांत स्त्रिया अधिक, तेथे स्त्री-उमेदवारांचे यश कमी, असे त्यांना आढळले! स्त्री-परीक्षकांस पुरुष-उमेदवार आहेत त्याहून अधिक गुणी वाटतात, हे कारण त्यांनी सुचविले. इटली व स्पेन येथील प्राध्यापकांच्या सुमारे एक लाख अर्जांवरून २०१७ साली असेच दिसून आले : मंडळावर स्त्रिया वाढल्याने स्त्रियांची निवड वाढली नाही, उलट स्त्री-सभासद शेजारी बसताच पुरुष-सभासद स्त्री-उमेदवारांविषयी थोडे अधिक कडक झाले.

तेव्हा, समोर बाई दिसताच हायसे वाटून घेऊ नये, आणि न दिसल्यास धीरही सोडू नये, असे आम्ही आमच्या विद्यार्थिनींस सांगतो. मंडळावर कोण बसला आहे याहून, तेथे काय विचारण्याची मुभा आहे आणि जे विचारले त्याची नोंद राहते की नाही, यास आम्ही अधिक महत्त्व देतो. ‘तुमच्या लग्नाचे काय?’ हा प्रश्न पुरुषाने विचारला काय किंवा स्त्रीने विचारला काय, उत्तर देणाऱ्या मुलीच्या गुणांतून तो सारखाच वजा होतो.

याचा अर्थ त्या खुर्च्या पुरुषांकडेच राहाव्यात असा मात्र नव्हे. ज्या कामास स्त्री योग्य आहे की नाही हे ठरवावयाचे, ते ठरविण्यासच ती अयोग्य, ही स्थिती कोणत्याही न्यायाने समर्थनीय नाही. आपल्या देशातील पब्लिक सर्व्हिस कमिशन १९२६ साली स्थापन झाले. त्याच्या अध्यक्षपदी पहिली स्त्री, मेघालयातील रोझ मिलियन बॅथ्यू, बसली ती १९९२ साली. आणि तोवर मुथम्माबाईंना सेवानिवृत्त होऊन दहा वर्षे लोटली होती.