सोन्याची वेदी आणि बाळ येशू

जुन्या गोव्यातील बॉम जेझूस बासिलिका बाहेरून साधीच दिसते. जांभ्या दगडाच्या तांबूस भिंती, त्यांवर गिलावाही नाही. 1594 मध्ये काम सुरू झाले आणि 1605 मध्ये मंदिर प्रभूला अर्पण झाले. आत गेले की मात्र नजर मुख्य वेदीवर खिळते. उंच कोरीव लाकूडकाम आणि सगळ्यावर सोन्याचा मुलामा!

आम्ही धर्मग्रामातील स्वयंसेवक बेळगावहून तेथे गेलो, तेव्हा बराच वेळ वेदीसमोर उभे होतो. मध्यभागी येशूसंघाचे संस्थापक संत इग्नेशियस यांचा भव्य पुतळा आहे. त्यांच्यावर पवित्र नामाचा तेजोमय सूर्य, त्याहून वर पवित्र त्रैक्य. ‘बॉम जेझूस’ म्हणजे चांगला येशू. पण ज्याच्या नावाचे हे मंदिर, तो बाळ येशू खाली संताच्या पायाशी आहे. इतका लहान, की आमच्यातील काहींना तो शोधावा लागला.

उजव्या अंगाला संत फ्रान्सिस झेवियर यांची समाधी. चांदीची पेटी गोव्याच्याच कारागिरांनी सतराव्या शतकात घडवली. संगमरवरी चौथरा तस्कनीचे ग्रँड ड्यूक तिसरे कोसिमो यांनी पाठवला. शिल्पकार फोजिनी यांचे हे काम 1698 मध्ये येथे उभे राहिले. आणि संत स्वतः? 3 डिसेंबर 1552 रोजी चीनजवळच्या शांगचुआन बेटावर एका झोपडीत, तापाने खंगून, ते प्रभूघरी गेले. चांदी तर सोडाच, धड निवाराही नव्हता.

मग हा थाट व्यर्थ का? आम्हाला तसे वाटत नाही. हात जोडायला शिकवणारे सौंदर्य हीदेखील सेवाच. पण हे मंदिर उभे राहत होते, त्या काळात फादर थॉमस स्टीफन्स गोव्यातच होते. 1579 मध्ये आलेल्या या इंग्रज येशूसंघीयाने मराठी ओव्यांत ख्रिस्तपुराण रचले. 1616 मध्ये ते राशोलला छापले गेले. 1684 मध्ये राज्यकर्त्यांनी स्थानिक भाषेविरुद्ध फर्मान काढले. तरीही भाविकांनी हाताने उतरवलेल्या प्रतींतून त्या ओव्या टिकल्या. सोन्याशिवाय घडलेली हीसुद्धा वेदीच.

आपल्या मंडळ्यांतही वेदी सजवण्याचा विषय निघतो, वर्गणी जमते. बंधुभगिनींनो, जरूर सजवूया. फक्त एक पाहूया: त्या सजावटीत पायाशी असलेला बाळ येशू लहान मुलालाही सहज दिसावा, आणि त्याची कथा त्याला आपल्या भाषेत ऐकू यावी.