तळटीप १४ : कालुंडबोर्ग

१४. कालुंडबोर्ग : डेन्मार्कच्या झीलंड बेटावरील, पश्चिम किनाऱ्याचे छोटे बंदर. लेखकाने नुसता नामोल्लेख करून पुढे जाणे पसंत केले आहे. पण या गावापाशी थोडे थांबायला हवे. इथल्या कारखान्यांची भागीदारी कुठल्या कायद्यातून उभी राहिलेली नाही. भूजल अपुरे पडणार म्हणून १९६१मध्ये तिसो तळ्याचे पाणी नळाने तेलशुद्धीकरण कारखान्यात आणले, तिथून सुरुवात झाली. पुढे १९७२पासून याच कारखान्यातला जादा वायू शेजारच्या जिप्सम-फळ्यांच्या कारखान्यात जळू लागला. वीजकेंद्राची वाफ शेजाऱ्यांकडे गेली, इन्सुलिन करून उरलेले यीस्ट डुकरांच्या खाद्यात गेले. सर्वांत बोलके उदाहरण धुराचे. कोळशाच्या धुरातला गंधक चुन्याने शोषून घेतला की जिप्सम तयार होते. १९९३पासून त्याच्या भिंतीच्या फळ्या होऊ लागल्या. हे वीजकेंद्र आता लाकडाच्या चिपांवर चालते, त्यामुळे तो जिप्समचा ओघ आटला. एकाचा टाकाऊ माल दुसऱ्याचा कच्चा माल झाला, की पहिल्यातला प्रत्येक बदल दुसऱ्याच्या दारापर्यंत पोहोचतो. अशा भागीदारीची ही अवघड बाजू मूळ मजकुरात यायला हवी होती, असे आम्हांला मनापासून वाटते. – संपा.