भुलेचे गुण आणि दोष

कुळगाव-बदलापूर नगरपरिषदेच्या हद्दीत सामावलेले शिरगाव अंबरनाथ तालुक्यात मोडते. तेथील माणसावर मोठ्या शस्त्रक्रियेचा प्रसंग आला म्हणजे उल्हासनगरचे मध्यवर्ती रुग्णालय, नाही तर थेट मुंबईचे जे.जे. किंवा के.ई.एम. गाठावे, असा प्रघात आहे. भूल उतरून टाके ठणकू लागले की जो इलाज होतो, त्याचे गुण सर्वांना दिसतात. दोष मात्र जिथे शोधावेत तिथेच सापडतात, असा भूलविद्येचा इतिहास आहे.

मराठवाडा ज्या निजामी राज्यात होता, त्याच्या राजधानीत, हैदराबादेत, एडवर्ड लॉरी यांच्या पुढाकाराने 1888 आणि 1889 साली क्लोरोफॉर्म या भुलेच्या औषधाची चौकशी झाली आणि शेकडो जनावरांवर प्रयोग करून असा निर्वाळा देण्यात आला की, या औषधाने धोका होतो तो श्वासास, हृदयास नव्हे. सारे लक्ष श्वासावर असल्यामुळे हृदयाचा अपराध दप्तरी लागला नाही. 1911 साली गुडमन लेव्ही यांनी तो सिद्ध केला.

केटामाइन या भुलेच्या दुसऱ्या औषधाच्या बाबतीत प्रकार नेमका उलटा झाला. 1962 साली कॅल्व्हिन स्टीव्हन्स यांनी अमेरिकेत सिद्ध केलेले हे द्रव्य ऑगस्ट 1964 मध्ये मिशिगनमधील तुरुंगातल्या स्वयंसेवक बंद्यांना प्रथम देण्यात आले, आणि 1970 साली त्यास तेथील सरकारची मान्यता मिळाली. श्वास सहसा चालू राहतो, रक्तदाब ढासळण्याऐवजी बहुधा वाढतो, या गुणांमुळे रणांगणावर आणि साधनांची वानवा असलेल्या रुग्णालयांत त्याचा अंमल बसला. परंतु शुद्धीवर येताना भयंकर स्वप्ने आणि भास होत, म्हणून जिथे पर्याय होते तिथे ते मागे पडले.

पुढे हेच औषध भुलेच्या मात्रेहून पुष्कळ कमी प्रमाणात, शस्त्रक्रियेनंतरच्या तीव्र वेदनेसाठी पंपावाटे शिरेतून संथपणे देण्यात येऊ लागले, कारण त्यामुळे अफूवर्गीय औषधांची गरज घटते. 2018 साली अमेरिकन तज्ज्ञसंस्थांनी ताशी, दर किलो वजनामागे, 1 मिलिग्रॅम ही धारेची कमाल मर्यादा सुचविली, आणि अनावर हृद्रोग, चालू मनोविकार किंवा गर्भावस्था असल्यास ते टाळावे असे बजाविले. मात्रा कमी झाली तरी दोष नाहीसे झाले नाहीत: मळमळ, चक्कर, दुहेरी दिसणे, तोंडास लाळ सुटणे, बुबुळे थरथरणे, नाडी आणि रक्तदाब चढणे, आणि आपण खाटेवरून अधांतरी तरंगत आहोत असा भास. 2017 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत, साठीपुढील रुग्णांना शस्त्रक्रियेच्या वेळी दिलेल्या एका मात्रेने वेदना किंवा नंतरचा बुद्धिभ्रम कमी झाला नाही, भास आणि दुःस्वप्ने मात्र वाढली.

नाडी आणि रक्तदाब यंत्राच्या पडद्यावर दिसतात. भास तिथे दिसत नाही. नातेवाईक "पेशंट वातात बरळतो आहे" म्हणून घाबरतात, आणि रुग्ण लोक हसतील या भयाने गप्प राहतो. यास्तव असे काही होऊ शकते, धार कमी किंवा बंद केल्यावर ते बहुधा ओसरते, हे भूलतज्ज्ञाने त्याला आधी त्याच्याच भाषेत सांगावे. परिचारिकेने दर फेरीस विचारावे आणि उत्तर केसपेपरवर नोंदवावे. हैदराबादच्या चौकशीत उणीव प्रयोगांची नव्हती, चहूबाजूंनी पाहण्याची होती. इथे पाहणे म्हणजे विचारणे.